हुकूम न देणारा हवालदार

आपल्या समाजात फौजेची नोकरी केलेला एखादा तरी म्हातारा बहुतेक प्रत्येक वस्तीत सापडतो. पहाटे उठणारा, मिशीला पीळ देणारा, लेकरांनी ज्याच्यासमोर उभे राहताना सदऱ्याची गुंडी लावावी असा. फौजेतून आलेला माणूस घरही हुकमावर चालवतो, असा लोकांचा समज असतो आणि बरेचदा तो खराही ठरतो. माझे आजोबा, म्हणजे आम्हा नातवंडांचे आबाजी, महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे ते घरातले कर्ते पुरुष होते. परंतु त्यांनी घरात कुणाला हुकूम सोडल्याचे मला आठवत नाही. आणि धम्माच्या बाबतीत तर कधीच नाही. हे त्यांना कसे जमले आणि त्यासाठी त्यांना काय सोसावे लागले, ते समाजबांधवांपुढे मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे. कारण घरात धम्म कसा आणावा, हा प्रश्न आजही आपल्यापैकी अनेकांच्या घरी सुटलेला नाही.

आमचे गाव केळापूर तालुक्यातले. तालुक्याला नाव केळापूरचे, पण कचेरी, बाजार, कोर्ट हे सारे पांढरकवड्याला. नागपूरहून हैदराबादला जाणारा मोठा रस्ता याच तालुक्यातून जातो. पाटणबोरी मागे पडली आणि पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा मुलूख लागतो. जमीन कोरडवाहू. कपाशी, तूर आणि ज्वारी हीच पिके. आजूबाजूला गोंड, कोलाम, परधान यांच्या वस्त्या. आणि केळापूरला जगदंबेचे जुने देऊळ. नवरात्रात तिथे एवढी गर्दी लोटते की तेलंगणातूनही माणसे येतात. हे देऊळ पुढे आमच्या घरच्या हकिकतीत येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवले.

आबाजींचे वडील महारकीची कामे करत. मेलेली ढोरे ओढायची, सांगावा पोचवायचा, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कामठीला आपल्या लोकांची भरती सुरू असल्याची बातमी गावात आली, तेव्हा आबाजी सतरा-अठरा वर्षांचे होते. ही भरती काही सहज सुरू झालेली नव्हती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेल्या आपल्या पूर्वजांना त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी फौजेचे दार बंद केले. ते उघडावे म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी केला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, पण युद्ध सरताच १९२१ पर्यंत तीही मोडली. बाबासाहेब स्वतः सुभेदार रामजींचे पुत्र. फौजेच्या नोकरीने आपल्या माणसांच्या घरात अक्षर आणि स्वाभिमान कसा येतो, हे त्यांनी आपल्या घरीच पाहिले होते. १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी १९४२ साली कामठीला. म्हणजे आबाजी ज्या दारातून आत गेले, ते दार उघडायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली होती.

भरतीच्या दिवसाबद्दल ते एकच गोष्ट सांगत. गावात त्यांना कुणी पूर्ण नावाने हाक मारत नसे. अर्धे नाव, तेही तोडून. कामठीला कारकुनाने नाव विचारले, बापाचे नाव विचारले आणि दोन्ही नीट लिहून घेतली. "माह्या बापाचं नाव कागदावर पुरं लिहिलेलं मी पयल्यांदा थ्या दिवशी पायलं," असे ते म्हणत. एवढेच. मोठी भाषणे त्यांना येत नव्हती.

१९४६ मध्ये रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंट केले गेले. आबाजी विकर्स गनच्या तुकडीत होते. ही गन तिपाईवर बसवतात, आणि त्या तिपाईचेच वजन वीस किलोच्या वर. ती वाहून वाहून त्यांच्या उजव्या खांद्यावर कातडे जाड झाले होते. लहानपणी आम्ही त्या जागी बोट दाबून पाहत असू. शेतीवर आल्यावर त्याच खांद्यावरून ते कपाशीचे गाठोडे आणत आणि म्हणत, तिपाईपेक्षा हे हलके.

लढाईच्या गोष्टी त्यांनी आम्हाला सांगितल्या नाहीत. आम्ही खूप मागे लागत असू. त्यांनी सांगितली ती फक्त १९४७ ची एक गोष्ट. फाळणीच्या वेळी महार रेजिमेंटच्या पलटणी पंजाबात होत्या आणि निर्वासितांच्या काफिल्यांना संरक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे होते. मैलोन्‌मैल माणसे चाललेली. त्यात एक बाई. धान्य मागे टाकले, भांडी मागे टाकली, पण छातीशी एक लहानसे गाठोडे घट्ट धरलेले. एका जवानाने ओझे कमी करावे म्हणून ते तिच्या हातातून घ्यायला पाहिले, तर ती किंचाळली. गाठोड्यात घरचे देव होते. आबाजी म्हणत, "घर सुटलं, पण थे गाठोडं नाही सुटलं. माणूस भ्याला का हातात काहीतरी धरते. धरलेलं हिसकलं तं भेव जात नाही, वाढते."

ही गोष्ट ते का सांगत, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

१९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षाभूमीवर जगाच्या इतिहासातली मोठी धम्मक्रांती झाली, तेव्हा आबाजी पलटणीत होते. रजा मिळाली नाही. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चंद्रपूरला, म्हणजे तेव्हाच्या चांद्याला दीक्षा दिली. आमच्या भागातून वणीच्या वाटेने माणसे तिकडे गेली. बैलगाडीने गेली, पायी गेली. आबाजींचे वडील त्यांच्यात होते. परतताना त्यांच्या अंगावर पांढरी वस्त्रे होती आणि तोंडी बावीस प्रतिज्ञा. पुढे दोनच महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ती बातमी आबाजींनी छावणीतल्या रेडिओवर ऐकली. बाबासाहेबांना डोळ्यांनी पाहायचे राहून गेले. पुढच्या रजेत त्यांनी गावात भन्तेंकडून दीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या अक्षरात एका कागदावर उतरवून घेतल्या. "ज्याईनं कानानं आयकलं, त्याईले याद राहीन. मी हजर नव्हतो. मले कागद पाहिजे," असे त्यांचे म्हणणे.

पलटणीत त्या काळी संध्याकाळी रम मिळे. पाचव्या शीलाने मद्य वर्ज्य. आबाजींनी त्या दिवसापासून पेल्याला हात लावला नाही. निवृत्तीनंतरही माजी सैनिक म्हणून कँटीनचा कोटा होता. गावातली भली भली माणसे गोड बोलून यायची, "हवालदारसाहेब, तुम्ही पीत नाही तं आमच्यासाठी तरी उचला." ते उचलत नसत. कँटीनमधून साबण, चहापत्ती आणि आजीसाठी डोक्याचे तेल एवढेच यायचे. यावरून दोन-चार माणसे त्यांच्यावर कायमची रुसली.

साधारण अठरा वर्षे नोकरी करून १९६१ च्या सुमारास ते घरी आले, आणि खरी कसोटी तिथे सुरू झाली.

आजीचे पहिले मूल तान्हेपणीच गेले होते. दुसऱ्या वेळी तिने केळापूरच्या जगदंबेला नवस केला आणि ते मूल, म्हणजे माझे मोठे काका, जगले. तिच्या आईने दिलेले चांदीचे तीन टाक तिच्याकडे होते. सासऱ्यांनी दीक्षेनंतर घरातले देव नदीत सोडले, तेव्हा तिने हे टाक चिंधीत बांधून ज्वारीच्या कोठीत खाली दडवले. नवरा फौजेत, पदरात लेकरू, आणि मनात एकच भीती: देव टाकले आणि पोराला काही झाले तर? आपण आज शहाणपणाने हिला अंधश्रद्धा म्हणू. पण एक मूल मातीत ठेवून आलेल्या विशीच्या आतल्या बाईला ते म्हणणे सोपे नाही.

आबाजींना कोठीतले गाठोडे सापडले. ज्वारी काढताना हाताला लागले. त्यांनी ते उघडून पाहिले, पुन्हा बांधले आणि होते तिथे ठेवले. आजीने ते पाहिले होते. ती म्हणे, "मले वाटलं, आता फेकते, आता मारते. थ्यानं ज्वारी काढली अन् गेला."

दर संध्याकाळी आबाजी हातपाय धुऊन तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर बसत आणि त्रिशरण पंचशील म्हणत. कुणाला बोलवत नसत. मुले खेळून आली तर बाजूला बसत, नाही आली तर नाही. दर नवरात्रात आजी केळापूरला जायची. ते तिला अडवत नसत आणि तिच्याबरोबर जातही नसत. ती परत येईपर्यंत चूल ते स्वतः पेटवत.

ही गोष्ट वस्तीत लपून राहणारी नव्हती. गावात तेव्हा विहार म्हणजे कुडाची भिंत आणि पंचशील ध्वज. त्याच्या समितीवर अध्यक्ष म्हणून आबाजींना घ्यावे असे ठरले. शिकलेला, फौजेत गेलेला, निर्व्यसनी माणूस दुसरा कोण होता? पण बैठकीत एकाने उभे राहून विचारले, "हवालदारसाहेबांच्या घरात अजून देव हायेत. आपल्या घरची बायको ज्याले ऐकत नाही, थो समाजाले काय सांगन?" सगळे गप्प झाले. आबाजी उठले आणि म्हणाले, "खरं आहे. देव आहे. पण थो माह्या नाही, तिचा आहे. तिचा ज्या दिवशी सुटन, त्या दिवशी सुटन. तोवर मले अध्यक्ष करू नका. मी झाडू मारतो." आणि त्यांनी खरोखरच पुढची बारा-तेरा वर्षे विहाराची झाडलोट केली. पौर्णिमेला सतरंजी अंथरली, वर्षावासात भन्तेंच्या भोजनाची व्यवस्था पाहिली, पण पद घेतले नाही. घरी येऊन त्यांनी आजीला एका शब्दानेही या बैठकीबद्दल सांगितले नाही. तिला ते शेजारणींकडून कळले.

पुरुषाला समाजात खाली पाहावे लागले की त्याचा राग घरात निघतो, हे आपण सगळे जाणतो. तो राग त्यांनी गिळला. मला त्यांच्या फौजेतल्या पदकांपेक्षा हे मोठे वाटते.

त्याच काळात देवीची टोचणी आली. सरकारने १९६२ पासून देशभर देवी निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला होता. रोगाचे नावच देवी. आई अंगात आली की ती आपणहून जाते, तिला सुई दाखवली तर ती कोपते, ही समजूत घरोघर. टोचणारा गावात आला की बाया लेकरे घेऊन तुरीच्या शेतात लपायच्या. आजीही लपली. आबाजींनी टोचणाऱ्याला आमच्या अंगणात बाजेवर बसवले, चहा दिला. फौजेत त्यांना आधीच टोचलेले होते, दंडावर वण होता. तरी त्यांनी बाही वर केली आणि म्हणाले, "पयले मले." वस्तीतल्या पोरांदेखत त्यांनी पुन्हा टोचून घेतले. आठ दिवस तो दंड उघडा ठेवून गावभर हिंडले. त्यांना काही झाले नाही, तापही आला नाही. पुढच्या खेपेला टोचणारा आला तेव्हा आजीने तिन्ही लेकरे स्वतः पुढे केली. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी आढळला नाही आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आजी यावर मोठ्या गमतीने म्हणायची, "एवढी मोठी देवी, पण सुईले हारली."

या वाक्यात तिचा किती मोठा प्रवास आहे, ते पाहा. कुणी तिला वादात हरवले नव्हते. तिने डोळ्यांनी पाहिले आणि मनाशी हिशेब केला. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म हाच आहे ना? तपासून पाहा आणि पटले तर घ्या.

टाकांचे पुढे काय झाले, ते सांगतो. माझी आत्या शिकण्यात हुशार होती. नागपूरला नर्सिंगच्या शिक्षणाला तिचा नंबर लागला. फीचे, गणवेशाचे, वसतिगृहाचे पैसे एकदम भरायचे होते. त्या वर्षी कपाशी बुडालेली, पेन्शनला अजून बरेच दिवस. आबाजी दोन ठिकाणी उसने मागून हात हलवत परत आले. रात्री आजीने कोठीत हात घातला, गाठोडे काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

"मोडून टाका."

आबाजी म्हणाले, "तुह्या मायचे हायेत. घाई नको करू. मी पाहतो कुठून तरी."

"माय असती तं तिनंबी देले असते. नातीनच आहे तिची."

पांढरकवड्याच्या सराफाकडे तीन टाक मोडले. चांदी फार नव्हती, पण जेवढे कमी पडत होते तेवढे भागले. आत्या नर्स झाली. पुढे नोकरीत तिने किती बाळंतपणे केली, किती लेकरांना लसी टोचल्या, याची गणती नाही. ज्या चांदीला आजी लेकरू वाचावे म्हणून धरून बसली होती, त्याच चांदीने दुसऱ्यांची लेकरे वाचवणारी मुलगी घडवली. आणि त्या नवरात्रात आजी केळापूरला गेली नाही. संध्याकाळी आबाजींच्या शेजारी येऊन बसली. त्यांनी मान वळवून पाहिले, थोडे सरकून सतरंजीवर जागा केली आणि वंदना पुढे चालू ठेवली. त्यानंतरच्या वर्षी ते विहार समितीचे अध्यक्ष झाले. कुडाच्या जागी विटांचे विहार त्यांच्याच काळात उभे राहिले.

हुकूम न देण्याची एक दुसरी बाजूही आहे, ती लपवणे बरोबर होणार नाही. कधी कधी समोरचा माणूस आपल्याला नको तेच करतो. मोठ्या काकांनी केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अर्ज केला. त्या काळी महाराष्ट्रात बौद्धांना सवलती होत्या, पण केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलतींसाठी बौद्धांची गणना होत नव्हती. धर्म बदलला म्हणून अस्पृश्यतेचे चटके बदलले होते का? पण कायदा तसा होता. अनेकांपुढे हाच पेच होता. काकांनी कागदावर जुनाच धर्म लिहिला. आबाजींना विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अर्ज तुह्या, पोट तुह्यं, सही तुही. माह्या सहीत मी बौद्धच लिहीन." १९८१ च्या जनगणनेला गणना करणारा घरी आला, तेव्हा आबाजींनी धर्माच्या रकान्यात काय लिहिले ते वाचून दाखवायला लावले होते. काकांशी ते कधी तुटक वागले नाहीत. पण काका सांगतात, "त्यांनी एक थप्पड मारली असती तर बरं झालं असतं. ते बोलले नाहीत म्हणून दहा वर्षं टोचत राहिलं."

१९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. १९९१ च्या जनगणनेत काकांनी आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये साऱ्या कुटुंबाची नोंद बौद्ध म्हणून केली आणि तसे पत्र गावी पाठवले. आबाजींनी ते पत्र वाचून घडी घातली आणि ट्रंकेत ठेवले.

म्हातारपण त्यांना मोठे मिळाले. त्यांच्या बरोबरीची माणसे, मग धाकटी माणसेही एकेक करून गेली. आमच्या जिल्ह्यातल्या शेतीचे हाल तुम्ही जाणताच. ज्या घरात महिन्याला ठरलेला पैसा येत नाही, त्या घरी एक बुडालेला हंगाम काय करतो, ते यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. आमच्या घराला आबाजींच्या पेन्शनचा टेकू होता. २०१७ च्या हंगामात जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले, आणि त्याच वर्षी बोंडअळीनेही कपाशी खाल्ली. माझा चुलतभाऊ एका मजुराला उघड्या तोंडाने फवारणीला पाठवत होता. नव्वदी पार केलेले आबाजी काठी टेकत आले आणि फवाऱ्याच्या पट्ट्यात खांदा घालू लागले. "पयले मी मारतो. मले काही झालं नाही तं याले धाडजो." भावाचे डोळे पाण्याने भरले. त्याच दिवशी तो पांढरकवड्याहून हातमोजे आणि तोंडावरचे मास्क घेऊन आला. देवीच्या टोचणीनंतर पन्नास वर्षांनी तोच माणूस, तोच खांदा पुढे.

पेन्शनबाबत एक गोष्ट ज्यांच्या घरी माजी सैनिक आहेत त्यांनी लक्षात ठेवावी. पेन्शनर ऐंशीचा झाला की मूळ पेन्शन वीस टक्क्यांनी वाढते. पंच्याऐंशीला तीस टक्के, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास, आणि शंभरी गाठली तर दुप्पट. पण त्यासाठी वयाची नोंद बरोबर हवी. आमच्या घरी घोळ दुसराच होता. फौजेच्या कागदात आजीचे माहेरचे नाव लागलेले होते, कारण लग्न झाले तेव्हा आबाजींनी ते सांगितले होते. बँकेत आणि आधारवर सासरचे नाव. आबाजी असेपर्यंत कुणाला त्याची फिकीर नव्हती. पण ऐंशीच्या पुढे गेल्यावर एक दिवस ते स्वतःच म्हणाले, "मी गेल्यावर ही कुठं सिद्ध करत फिरन, का मी थीच आहे?" मग यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज, प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, सागरच्या रेकॉर्ड ऑफिसला कागद. वर्ष लागले, पण नाव दुरुस्त झाले.

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. आधी कागदावर सही होती. २०१४ पासून अंगठा मशीनवर ठेवायची सोय झाली, पण त्यांच्या बोटांच्या रेषा कपाशी वेचून आणि नांगर धरून केव्हाच झिजल्या होत्या. मशीन अंगठा घेईना. ते हसून म्हणाले, "मी जिता आहो, हे हिले पटून नाही रायलं." शेवटी डोळ्याच्या बुबुळावर काम भागले.

२०२० च्या जानेवारीत, पंच्याण्णव पार करून, रात्री झोपेतच ते गेले. आदल्या संध्याकाळी वंदना झाली होती. तालुक्यातले माजी सैनिक टोप्या घालून आले आणि त्यांनी ओळीत उभे राहून सलाम दिला. भन्तेंनी त्रिशरण पंचशील दिले. आजी स्मशानात आली आणि बायांच्या पुढे उभी राहून तिने सगळ्यात मोठ्या आवाजात म्हटले. तेरवी केली नाही, पिंड पाडला नाही. पुण्यानुमोदनाला खीर केली आणि उरलेल्या पैशांतून विहारातल्या अभ्यासिकेला स्पर्धा परीक्षेची पुस्तके दिली. आजीला कौटुंबिक पेन्शन दुसऱ्याच महिन्यात सुरू झाली. पुढची तीन वर्षे, ती जाईपर्यंत, तिला कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

त्यांची ट्रंक आम्ही भावंडांनी उघडली. फौजेचे डिस्चार्ज बुक, तीन पदके, बावीस प्रतिज्ञांचा घडीवर फाटलेला कागद, मोठ्या काकांचे १९९१ चे पत्र. आणि सर्वांत खाली सराफाची जुनी चिठ्ठी, टाकांचे वजन आणि मिळालेली रक्कम लिहिलेली. चिठ्ठीच्या मागे पेन्सिलने आजीचे नाव होते, दोन्ही नावे, माहेरचे आणि सासरचे. बाकी काही लिहिलेले नव्हते. पदकांच्या बरोबरीने त्यांनी ती चिठ्ठी सांभाळली होती.

आज आपल्याकडे घराघरांत वाद आहेत. मुलगा विहारात जातो आणि सून उपवास धरते. सासू बुद्धवंदना म्हणते आणि नातू मित्रांबरोबर गणपतीच्या मंडपात नाचतो. चिडून तसबिरी फोडणारे, बोलणे सोडणारे, सभेत दुसऱ्याच्या घराचा पंचनामा करणारे आपल्यात आहेत. आपल्या माणसाने चुकीच्या मार्गाने जाऊ नये, ही त्यांची तळमळ खोटी नाही. मात्र आबाजींनी आपल्या आयुष्यात एक वेगळा रस्ता दाखवला, आणि तो सोपा नाही. त्यात बारा-तेरा वर्षे झाडू मारावा लागतो. जे दुसऱ्याने करावे असे वाटते ते आधी स्वतः, उघड्यावर, सगळ्यांदेखत करावे लागते. समोरच्याने मुठीत धरलेले आहे ते त्याच्या भीतीने धरले आहे, हे ओळखावे लागते. मग ती भीती घालवायची, मूठ आपोआप उघडते. अठरा वर्षे हुकूम पाळलेल्या आणि हुकूम दिलेल्या माणसाला हे उमगले होते की हुकमाने माणूस रांगेत उभा राहतो, शरण जात नाही. बुद्धं शरणं गच्छामि हे ज्याचे त्याने म्हणायचे असते.

कालकथित आबाजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जयभीम!